परसातली झाडलोट आणि जमिनीची निगा



गाळप सुरू झाले म्हणजे ऊस विकास विभागाच्या माणसाने तोडणी, खोडवा आणि पाचट यांवर लिहावे, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती बरोबरही आहे. पण या अंकात मी आपणांस घराच्या मागल्या दाराने परसात नेणार आहे. हे पान घरातल्या बायामाणसांना आवर्जून वाचून दाखवावे, कारण परसाची खरी मालकी त्यांच्याकडेच असते.

हा विषय सुचला तो धुरामुळे. दिवाळी झाल्यावर प्लॉट पाहत फिरताना संध्याकाळी दोन धूर दिसतात. एक शेतात, पाचटाचा. दुसरा घरामागे. काकडी-दोडक्याचे वाळलेले वेल, भेंडीची झाडे, मक्याची धाटे, पडलेला पाला, सगळे एका कोपऱ्यात लोटायचे आणि काडी लावायची, की झाली हिवाळ्याची सफाई! शेतातल्या धुराबद्दल आम्ही आपल्याशी वर्षानुवर्षे भांडत आलो. घरामागच्या धुराबद्दल कोणी बोलत नाही. परस असते केवढे? अर्धा गुंठा म्हणजे जेमतेम साडेपाचशे चौरस फूट. पण उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि परसातली भाजी रोज ताटात येते. शिवाय ती जमीनही त्याच कालव्याखालची. शेतात बिघडते तेच परसात बिघडते, फक्त लवकर बिघडते.

थंड मुलखात हिवाळा आला की बाग बंद करतात. बर्फ पडायच्या आत झाडे काढायची, वाफे झाकायचे आणि वसंताची वाट पाहायची. आपल्याकडे उलटे आहे. पुण्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दिवसा ऊन असते. मेथी, पालक, कोबी, गाजर, मुळा, वाटाणा यांना याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. म्हणून आपली झाडलोट ही बाग बंद करण्याची नसून उघडण्याची आहे. पावसाळी पसारा जितका लवकर निघेल तितका रब्बीचा भाजीपाला लवकर लागेल. कोजागिरीनंतर सुरुवात करावी आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत वाफे मोकळे व्हावेत. कोणाचे राहिलेच असेल तर चंपाषष्ठीपर्यंत उरकावे. त्यानंतर मात्र भोगीची भाजी बाजारातून आणावी लागेल.

काय उपटावे, काय ठेवावे

सरसकट उपटू नये. गवार, घेवडा, चवळी ही शेंगवर्गीय झाडे जमिनीलगत विळ्याने कापावीत आणि मुळे आतच राहू द्यावीत. त्या मुळ्यांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधलेला असतो. मुळे कुजली की तो वाफ्याला मिळतो, आणि मुळ्यांच्या जागी पडलेल्या पोकळीतून हवा-पाणी खाली उतरते.

वांग्याचे झाड खोडाने धड असेल तर त्याचा खोडवा ठेवता येतो. हे ऐकून आमच्या एका सभासदाने हसून विचारले, "साहेब, आता वांग्याचा पण खोडवा?" का नाही? जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून वर छाटावे, बुडाशी दोन ओंजळी कुजलेले खत घालावे आणि भर लावावी. नवी फूट येते आणि फळेही धरतात. मात्र छाटलेले शेंडे बांधावर टाकू नयेत. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी त्यातच असते. ती बाहेर पडून वाळल्या पाल्यात कोष करते आणि पतंग होऊन परत त्याच झाडावर येते. हे शेंडे आणि किडकी वांगी त्याच दिवशी हातभर खोल पुरावीत.

भेंडी, टोमॅटो, जुनी मिरची ही झाडे मात्र मुळासकट उपटावीत आणि उपटल्यावर मूळ बघावे. हे कोणी करत नाही. झाड वर कितीही तपासले तरी जमिनीची खबर मुळाशीच मिळते. मूळ जागोजाग सुजून मण्यांच्या माळेसारखे झाले असेल तर वाफ्यात सूत्रकृमी आहेत. घेवड्याच्या गाठी आणि या गाठी यांत फरक आहे. घेवड्याची गाठ बोटाने खरवडली की सुटून येते आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच फुगलेले असते. अशा वाफ्यात वर्ष-दोन वर्षे वांगी, टोमॅटो, भेंडी लावू नयेत. झेंडू लावावा, कांदा-लसूण घ्यावा, निंबोळी पेंड मिसळावी. ही गाठाळ मुळे तेवढी उन्हात कडक वाळवून बंबात किंवा चुलीत घालावीत. जाळायला माझी हरकत एवढ्यापुरती नाही.

हळद्या पडलेल्या भेंडीची लोकांना फार भीती. तो रोग विषाणूचा. पांढरी माशी तो जिवंत झाडावरून जिवंत झाडावर नेते. कुजलेल्या झाडात तो टिकत नाही. म्हणून ही झाडे जाळायची गरज नाही. उपटल्याबरोबर खताच्या ढिगात मध्यभागी दाबावीत म्हणजे झाले. टोमॅटोच्या करप्याची गोष्ट वेगळी. ती बुरशी वाळल्या पाल्यावर पुढच्या हंगामापर्यंत जगते. तो पाला ढिगात नको, खोल पुरावा.

तण उपटताना दोन नावे लक्षात ठेवावीत. एक गाजरगवत. आपल्या देशात ते ठळकपणे नजरेस आले ते १९५० च्या दशकात, आणि तेही आपल्या पुण्यात, म्हणजे हा पाहुणा आपल्याच दाराने देशभर गेला. फूल येण्यापूर्वी उपटले तर त्याचे खत होते. फूल आल्यावर बी पसरते. हातमोजे घालून उपटावे, अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. दुसरा लव्हाळा. त्याच्या गाठी ढिगात मरत नाहीत, उलट खताबरोबर सगळ्या परसात पोचतात. त्या वेचून फरशीवर उन्हात टाकाव्यात.

वाफा मोकळा झाला की कुदळीने वीतभर खणून ढेकळे तशीच आठवडाभर उन्हात पडू द्यावीत. या दिवसांत हुमणीची अळी किंवा कोष सापडतो. घरी कोंबड्या असतील तर एक दिवस त्यांना वाफ्यात सोडावे. औषधाचा खर्च नाही आणि अंड्यांनाही बरे!

राखेचा गैरसमज

परसात जाळणाऱ्यांचे म्हणणे असते, की राखसुद्धा खतच. राखेत पालाश असतो हे खरे. पण जाळताना सेंद्रिय कर्ब गेला, नत्र जवळजवळ सगळा गेला, आणि उरली ती चार घमेली राख. ती राख अल्कधर्मी असते. जिथे पाऊस धो धो पडतो आणि जमीन आंबट असते, तिथे राखेने फायदा होतो. आपली देशावरची जमीन मुळातच चुनखडीची, अल्कधर्मी बाजूला झुकलेली. तिच्यात दरवर्षी चुलीची आणि पाल्याची राख ओतत राहणे म्हणजे रक्तदाब असलेल्या माणसाला लोणचे वाढण्यासारखे आहे. मूठभर राख माव्यासाठी पानांवर धुरळली तर बिघडत नाही. पाटी-पाटी ओतू नये.

मग पाल्याचे काय करायचे? ढीग करायचा. खड्डा नको, ढीगच. कालव्याच्या पाझराखालच्या गावांतून खड्ड्यात पाणी साचते आणि खत कुजण्याऐवजी सडते, वास मारते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच उंच ढीग अर्ध्या गुंठ्याच्या परसाला पुरेसा होतो. तळाला जाड धाटे आडवी-उभी टाकावीत म्हणजे खालून हवा लागते. त्यावर वीतभर वाळला पाला, मग ओला हिरवा पाला आणि घरातली भाजीची देठे, मग शेणकाला, वर दोन घमेली माती. असे थर चढवत जावे.

पाला कमी पडला तर शेतातून पाचट आणा. एकरी तीन-चार टन पाचट निघते, त्यातले दोन भारे परसात आल्याने शेताचे काही कमी होत नाही. फक्त पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडा, म्हणून ते नुसते टाकले तर लवकर कुजत नाही. शेतात एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक असा हिशोब आपण धरतो. तोच हिशोब २५ किलोच्या भाऱ्याला २०० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर आणि २५ ग्रॅम संवर्धक असा होतो. ढिगातला मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. महिन्याने एकदा वरचा माल खाली करावा. थंडीत कुजायला वेळ लागतो. संक्रांतीला तयार नसेल तर घाई करू नये, शिमग्यापर्यंत होते. मुंबईसारख्या शहरात वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाजीपाला पिकवला, तो रसवंतीवर फेकून दिलेली उसाची चिपाडे वापरून. आपल्याकडे उसाचा एवढा माल दारात असून आपण काडी लावतो.

प्रेसमडबद्दल मात्र सावध करतो, कारण ठेच मला लागली आहे. काही वर्षांपूर्वी मी ताजा प्रेसमड घरी आणला आणि वाफ्याला दोन-दोन घमेली टाकून तिसऱ्या दिवशी कोबीची आणि वांग्याची रोपे लावली. आठवड्यात सगळी रोपे बसली. वाफ्यात हात घातला तर माती तापलेली! ताजा प्रेसमड कुजताना गरम होतो, हे मी सभासदांना मेळाव्यात सांगत होतो. आमच्या सौ. म्हणाल्या, "गावाला सांगता तेवढं घरी पाळलं असतं तरी चाललं असतं." तेव्हापासून आमच्याकडे प्रेसमड आधी दोन-तीन महिने ढिगात कुजतो, चांगला काळा आणि थंड होतो, आणि मगच वाफ्यात जातो.

न्हाणीचे पाणी

आता मुख्य गोष्ट. मी राहतो खडकवासल्याला. गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेले, तरी जुन्या घरांमागे परसे अजून आहेत. आमच्याच आळीत एका आजीबाईंनी मला हाक मारून त्यांचा वाफा दाखवला. न्हाणीच्या तोंडचा वाफा. पूर्वी तिथे मेथी गुडघ्याला लागायची म्हणे. आता बी उगवते, दोन पानांवर येते आणि पिवळे पडून बसते. "खत घालते बाबा, पाणी तर रोजच मिळतंय, मग जमीन रुसली कशानं?" वाफ्यावर सकाळी पांढरी बुरबुर दिसत होती आणि मधे मधे काळसर तेलकट थर. पाणी टाकले की वरच उभे राहायचे. आपल्यापैकी ज्यांची जमीन कालव्याकडेला आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. ही चोपण होत चाललेली जमीन. रोज पाणी मिळत होते, हेच तिचे दुखणे होते.

हा आजार आपल्या भागाला जुना आहे. धरणे-कालवे झाले, बारमाही पाणी आले, ऊस आला, आणि निचरा नसलेल्या जमिनींत क्षार वर येऊ लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. १९१६ साली मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. आज खडकवासल्याला धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती करून अभ्यास करणारे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे ना, ते त्याच विभागातून वाढले. पुढे १९३२ साली नीरेच्या कालव्यावर पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र निघाले. म्हणजे पाणी आणि जमीन यांच्या या भांडणावर आपल्याच भागात शंभर वर्षांहून अधिक काळ काम चालले आहे, आणि आपण घरामागे तेच भांडण नव्याने लावतो.

ते कसे, बघा. चार-पाच माणसांच्या घरातून अंघोळीचे आणि धुण्याचे रोज सहज दोनशे लिटर पाणी निघते. अर्ध्या गुंठ्यावर सारखे पसरले तर ते दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे हिवाळ्यात भाज्यांना लागते साधारण तेवढेच. पण ते पसरत नाही. पहिल्या वाफ्यात जाते आणि तिथेच मुरते. त्यात साबण असतो, कपड्यांची पावडर असते, काही घरांत धुण्याचा सोडाही असतो. सोडा म्हणजे सोडियमचाच क्षार. हे सोडियम मातीच्या कणांना चिकटले की कण सुटे होतात, माती विरघळल्यासारखी होते, छिद्रे बुजतात आणि सुकली की सिमेंटसारखी घट्ट होते.

घरी तपासायचे असेल तर सोपा उपाय आहे. वाफ्यातले लिंबाएवढे वाळले ढेकूळ काचेच्या ग्लासात ठेवून त्यात हळूच पाणी ओतावे. पाणी साठवलेल्या पावसाचे किंवा आर.ओ.चे घ्यावे, विहिरीचे नको. ढवळू नये. दुसऱ्या दिवशी ढेकूळ फुटून खाली बसले असेल आणि वरचे पाणी नितळ असेल तर चिंता नाही. पाणी दुधाळ, गढूळच राहिले तर सोडियमने घर केले असे समजावे. आजीबाईंच्या ग्लासातले पाणी तीन दिवस निवळले नाही.

उपाय आधी पाण्याचा. कपड्यांचे पहिले फेसाचे पाणी वाफ्यात जाऊच देऊ नये. विसळलेले पाणी चालते. न्हाणीच्या तोंडाशी जुन्या माणसांनी अळू, केळ आणि कर्दळ लावली ती उगाच नाही. ओल सोसणारी ही झाडे पुढे लावावीत आणि त्यांच्या पलीकडे वाफे धरावेत. तेच पाणी रोज एका वाफ्याला न देता बारे फिरवतो तसे फिरवावे. पालेभाज्यांवर, कोथिंबिरीवर हे पाणी टाकू नये. परसाच्या उताराकडे फूट-दीड फूट खोल चर काढावा. चर नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे, कारण धुऊन निघालेला क्षार जाणार कुठे?

मग जमिनीचा. पांढरा थर खुरप्याने खरवडून परसाबाहेर टाकावा. चांगले पाणी दोन-तीन वेळा वाफा भरून मुरू द्यावे. पाणी मुरतच नसेल तर जिप्सम लागेल, पण किती ते माती तपासून ठरवावे. शेजाऱ्याने पोते टाकले म्हणून आपणही पोते टाकू नये. त्यानंतर वाफा उघडा ठेवू नये. उघड्या जमिनीतून पाण्याची वाफ होते आणि क्षार पुन्हा वर येऊन बसतो. पाचटाचा चार बोटे थर पसरावा. त्या वाफ्यात यंदा पालक किंवा बीट घ्यावे, ही क्षार बऱ्यापैकी सोसतात. घेवडा, गाजर, कांदा तिथे येणार नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी धैंचा पेरून फुलावर यायच्या आत गाडावा. आजीबाईंचा वाफा एका हिवाळ्यात पूर्ववत झाला नाही, ते मी खोटे सांगणार नाही. दुसऱ्या वर्षी पालक नीट आला. मेथीला अजून वेळ आहे असे त्याच म्हणतात.

जे वाफे धड आहेत त्यांना चौरस फुटाला एक ओंजळ कुजलेले खत मिसळून पेरणी करावी. भोगीच्या भाजीसाठी गाजर दिवाळीलाच पडायला हवे. मेथी भोगीच्या महिनाभर आधी टाकली तरी हाताशी येते. चार वाफे असतील तर दर हिवाळ्यात पाळीने एक वाफा पाण्यावाचून ठेवावा. उसाच्या रानाला आपण फेरपालट सांगतो, तीच ही गोष्ट.

ज्यांना परसाची माती तपासायची आहे त्यांनी नमुना असा घ्यावा. खताच्या ढिगाजवळची, बांधाची आणि ओली जागा सोडून पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सगळी एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असे करत अर्धा किलो ठेवावी. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी. पांढरा थर आलेल्या वाफ्याचा नमुना वेगळा द्यावा. पिशव्या गट कार्यालयात आणून द्याव्यात. चिठ्ठीवर नाव, गाव आणि सभासद क्रमांक तर लिहावाच, पण 'परस' असे ठळक लिहायला विसरू नये. नाहीतर तो नमुना उसाच्या नमुन्यांत जातो आणि अर्ध्या गुंठ्याच्या मेथीला एकरी खताची शिफारस घरी येते.